तुझं पत्र दोनदा वाचलं

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र काल रात्री वाचलं आणि आज सकाळी पुन्हा काढलं. रात्री मित्र म्हणून वाचलं होतं, सकाळी सवयीने धंद्याच्या डोळ्यांनी. "सहा सेशन झाली, काडीचा फरक नाही, उलट आता रडू येतं. सोडून देऊ का?" असं विचारलंयस. मी तुझा थेरपिस्ट नाही आणि होऊही शकत नाही. (एका बाकावर बसून कॉपी केलेल्या माणसावर उपचार करू नयेत, हा आमच्यातला शहाणपणाचा नियम आहे.) पण इतकी वर्षं समोरच्या खुर्चीत बसून जे पाहिलं, ते सांगतो.

त्या "उलट"शी माझं भांडण आहे. वडील गेल्यावर वर्षभर तू मला काय कळवत होतास? "ठीक चाललंय. विशेष काही वाटत नाही." त्यांच्याबद्दल अक्षरही नसायचं. मानसशास्त्रज्ञ विल्यम स्टाइल्स आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९९० साली एक मांडणी केली. दडपून ठेवलेला अनुभव माणूस पायरीपायरीने कसा आपलासा करतो, याची. सगळ्यात खालच्या पायरीवर तो अनुभव जाणिवेत नसतोच, म्हणून त्रासही फारसा वाटत नाही. मग तो वर यायला लागतो आणि नेमकं तेव्हाच सगळ्यात जास्त दुखतं. नक्की काय खुपतंय हे शब्दांत सांगता यायला लागलं की मग हळूहळू उतार पडतो. बधिर झालेल्या पायात रक्त उतरताना आधी मुंग्या येतात, तसंच हे. आता, रडू येणं म्हणजे दर वेळी प्रगतीच, असं मी म्हणणार नाही. पण तू यावेळी वडिलांबद्दल दीड पान लिहिलंयस. मोजून बघ.

खरं सांगू? बदल मला चेहऱ्यावर दिसत नाही, आधी वाक्यांत ऐकू येतो. सुरुवातीला माणसाची वाक्यं कुलूप लावल्यासारखी असतात. "मी असाच." "नेहमीच असं होतं." "कोणालाच माझी गरज नाही." मग एक दिवस "मी नालायक आहे"च्या जागी "सकाळी उठलो की मी नालायक आहे असं वाटतं" येतं. पाचच शब्द वाढतात आणि माणूस त्या विचारापासून हातभर लांब उभा राहतो. आरन बेक हा मूळचा मनोविश्लेषणात तयार झालेला डॉक्टर. १९६०च्या दशकात त्याच्या लक्षात आलं की नैराश्यातल्या माणसाच्या मनात असे विचार आपोआप उगवतात आणि तो ते तपासून न बघताच खरे धरून चालतो. वाईट विचार काढून तिथे चांगले बसवायचे, असा मात्र याचा अर्थ नाही. "पॉझिटिव्ह विचार करा" हे वाक्य ऐकून ऐकून माझे कान किटलेत. विचार खरा आहे का, एवढंच बघायचं असतं.

एक बाई येत असत. (दोनतीन जणींचं मिळून एकीचं सांगतोय, ओळख पटू नये म्हणून.) कोणाचा फोन आला नाही की "मी नकोशी आहे" हा निकाल ठरलेला. एकदा बोलता बोलता म्हणाल्या, "नाही आला फोन. असतील कामात." आणि पुढे दुसऱ्याच विषयावर गेल्या. मी पेन खाली ठेवलं. त्यांना मात्र पत्ताही नव्हता! त्या दिवशी विचारलं असतं तर त्यांनीही "काडीचा फरक नाही" असंच सांगितलं असतं.

काहींचं मात्र एका उडीत होतं. टोनी तांग आणि रॉबर्ट डेरूबाईस यांनी १९९९ मध्ये दाखवलं की बऱ्याच जणांची नैराश्याची लक्षणं दोन सेशनच्या मधल्या काळात एकदम उतरतात. त्यांच्या अभ्यासात दहातल्या साधारण चौघांचं असं झालं. त्या उडीच्या आधीच्या सेशनमध्ये विचारांत बरीच हालचाल झालेली आढळली आणि ही माणसं पुढेही जास्त चांगली राहिली. बाकीच्यांचं दोन पावलं पुढे, एक मागे. तुझं कसं होईल, मला माहीत नाही.

"संध्याकाळी चालायला जातो, पण त्यात काय मोठं" असं तू कंसात लिहिलंयस. कंसात! नील जेकबसनच्या १९९६ च्या नैराश्यावरच्या अभ्यासात काही जणांबरोबर विचारांची तपासणी बाजूला ठेवून फक्त हे, सुटलेल्या गोष्टी पुन्हा करायला लागण्याचं काम केलं, तरी त्यांना पूर्ण उपचारांइतकाच गुण आला. "बरं वाटलं की जाईन" म्हणणारा तू, बरं वाटत नसताना जातोयस.

आकडाच हवा असेल तर केनेथ हॉवर्ड आणि सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये तऱ्हेतऱ्हेच्या त्रासांसाठी थेरपी घेणाऱ्या सुमारे २,४०० जणांची माहिती एकत्र केली. आठव्या सेशनपर्यंत साधारण निम्म्यांना फरक पडला होता, सव्वीसपर्यंत शंभरातल्या साधारण पंचाहत्तरांना. म्हणजे काहींना तोवरही नाही, हे मी लपवत नाही. तेव्हा थेरपिस्ट किंवा पद्धत बदलावी लागते, कधी औषधांचा विचार करावा लागतो. पण तू सहाव्यावर आहेस. आणि जगूच नये असं वाटायला लागलं, तर पुढच्या सेशनची वाट बघायची नाही. तुझ्या थेरपिस्टबाईंना त्याच दिवशी सांगायचं आणि मला मध्यरात्रीसुद्धा उठवायचं.

राहिलं ते घड्याळ. ती अधूनमधून घड्याळाकडे बघते, म्हणजे तिला तुझा कंटाळा आलाय, हे तू मला पाऊण पान भरून लिहिलंस. (आम्ही बघतो रे घड्याळाकडे. पुढचा माणूस बाहेर बसलेला असतो.) तिला सांगितलंस का? नसणारच. आपल्याला लागलं हे तू आयुष्यात कोणाला तोंडावर सांगितलेलं नाहीस, वडिलांना तर नाहीच. म्हणून सोडायचं की नाही ते नंतर ठरव. आधी गुरुवारी जा, बसल्या बसल्या घड्याळाचं काढ आणि ती काय म्हणते ते ऐक.

शुक्रवारी रात्री फोन करतो.

तुझा,
बाकावरचा