हिमालयाचा नव्हे, सिन्नरचा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारी गंगापूर रोडवरच्या एका प्रदर्शनात गेले होते. लोणची-पापडांच्या रांगेपलीकडे एका टेबलावर स्फटिक मांडलेले. त्यातल्या तळहाताएवढ्या एका दगडापुढे चिठ्ठी होती : ‘हिमालयन क्रिस्टल. घरात शांती नांदते. ३,२०० रुपये.’ काचेसारखे स्वच्छ, चार बाजूंचे खडे आणि त्यांच्या बुडाशी मधोमध आवळून बांधलेल्या पेंढीसारखे फिकट गुलाबी-केशरी झुबके. हा दगड मी फ्रॉक घालत होते तेव्हापासून ओळखते. विक्रेत्याला विचारले, हिमालयात नेमका कुठला? तो म्हणाला, “ताई, माल वरूनच येतो.”

वरून कुठला, आपल्या पायाखालून येतो! ते खडे अपोफिलाइटचे आणि पेंढ्या स्टिल्बाइटच्या. ही जोडी म्हणजे आपल्या काळ्या कातळाची ओळखच. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले आणि पुढे कातळात झिरपणाऱ्या पाण्यातून त्या पोकळ्यांत ही खनिजे सावकाश वाढली. हिमालयात स्फटिक मिळत नाहीत असे नाही, कुलूकडची गार, म्हणजे क्वार्ट्‌झ, प्रसिद्धच आहे. पण गार सहा बाजूंची, तिच्या अंगावर आडव्या रेघा. अपोफिलाइटला बाजू चार आणि रेघा उभ्या. गारेवर चाकू चालत नाही, याच्यावर ओरखडा उठतो. (दुकानात हा प्रयोग करू नये. घरी तापवूनही पाहू नये, पापुद्रे सुटतात. त्याचे ग्रीक नाव त्यावरूनच पडले आहे.)

शांती नांदते की नाही, यावर मला भांडायचे नाही. ज्याची त्याची श्रद्धा. माझी तक्रार चिठ्ठीतल्या पहिल्या शब्दाबद्दल आहे.

जमिनीला जसा सातबारा, तशी संग्रहातल्या दगडाला त्याची चिठ्ठी. कोणते खनिज, कोणते गाव, कोणती खाण किंवा विहीर, कोणते साल. परदेशातले जाणते संग्राहक दगड विकताना आधीच्या मालकांच्या पिवळ्या पडलेल्या चिठ्ठ्याही सोबत देतात. खनिजाचे नाव चुकले तर तपासून पुन्हा लिहिता येते. गाव एकदा हरवले की बहुतेक कायमचेच हरवते, कारण दगड स्वतः ते सांगत नाही. खाणीही राहत नाहीत. त्या पाण्याने भरतात, बुजवल्या जातात, वर वसाहत उभी राहते. तिथे कातळाच्या पोटात काय होते, याचा पुरावा म्हणून मग एवढा एक दगड आणि त्याची चिठ्ठीच उरते.

आणि आपल्या गावांची नावे काही साधी नाहीत. पांडवलेण्यांच्या डोंगराजवळच्या खाणीतले स्फटिक जगभरच्या संग्रहांत आहेत. तिकडच्या चिठ्ठ्यांवर ‘पांडुलेणा हिल’ असे लिहितात. मोडके का होईना, नाव आहे. पॉवेलाइट हे खनिज १८९१ मध्ये अमेरिकेतल्या आयडाहोमधून प्रथम नोंदवले गेले, पण त्याचे देखणे, मोठे स्फटिक पाहायचे तर संग्राहक नाशिककडेच बोट दाखवतात. अतिनील दिव्याखाली ते पिवळे उजळतात. मोहदरीकडचा फ्लोराइट तर मधाचे थेंब गारेच्या बारीक खड्यांवर सांडावेत तसा दिसतो. विश्वास बसत नसेल तर सिन्नरच्या माळेगाव औद्योगिक वसाहतीतले ‘गारगोटी’ संग्रहालय पाहावे. शिर्डीला जाताना आपण त्या वाटेवरून किती वेळा पुढे निघून जातो!

१९८३ साली माझ्या माहेरी, सिन्नर तालुक्यात, विहीर खोदली. सुरुंग उडाला की आम्ही पोरे डबरावर धावायचो. असेच चमकते दगड टोपलीभर गोळा करून दुकान-दुकान खेळलो. मग बांध घालताना वडिलांनी ते सगळे बांधात टाकले. त्यांना काय माहीत आणि आम्हाला तरी काय! एक तेवढा माझ्याकडे राहिला. त्याच्याखाली मी चिठ्ठी ठेवली आहे : ‘अपोफिलाइट व स्टिल्बाइट, माहेरची विहीर, ४५ फुटांवर, १९८३’. गावाचे नावही त्यावर आहे. इथे मुद्दाम लिहीत नाही, वहिनी आधीच आल्या-गेल्याला कंटाळली आहे.

प्रदर्शन भरवणाऱ्यांनी टेबल देतानाच मालाचे मूळ गाव विचारावे, निदान जिल्हा तरी. ‘हिमालय’ म्हटले की दोन पैसे जास्त मिळतात, हे कळते. पण दुसऱ्याच्या घरचे आडनाव लावून आपली लेक का विकायची? आणि व्यापाऱ्यांपेक्षाही माझी विनंती आहे ती खाणीवर, विहिरीवर काम करणाऱ्या भावांना. पोकळी फुटल्यावर हातातली छिन्नी थांबवून तो दगड सांभाळून काढणारे तेच. त्यांच्याइतके नेमके ठिकाण पुढे कोणालाच माहीत नसते. वेगळा कागद शोधायची गरज नाही. दगड बहुधा तुमच्या-आमच्या वर्तमानपत्रातच गुंडाळला जातो. तारीख त्यावर छापलेली असतेच, शेजारी गावाचे नाव तेवढे पेनाने लिहावे.

आपली,
एक वाचक, इंदिरानगर, नाशिक