भाजी आणायला अडीच तास का लागतात

सोलापूर,
डिसेंबर

प्रिय चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तू फोनवर रागावलीस. रक्तदाबाच्या गोळ्या आणि दोन भाज्या आणायला अडीच तास लागतात, तोवर आईचा जीव टांगणीला लागतो, मग सगळे घरपोच का मागवत नाही, हा तुझा प्रश्न रास्त होता. फोनवर मला नीट उत्तर देता आले नाही, म्हणून हे पत्र.

नवी पेठेतील औषधाचे दुकान साडेनऊशिवाय उघडत नाही, म्हणून मी आधी लक्ष्मी मंडईकडे जातो. मंडईच्या आत ओटे आहेत, पण माझी खरेदी बहुतेक बाहेर, रस्त्याच्या कडेला पोते अंथरून बसलेल्या बायकांकडे होते. तिथे भाव विचारला, तर एक जण तेलुगूत ‘पदि’ म्हणते, तिच्या शेजारची कन्नडमध्ये ‘हत्तु’ म्हणते, आणि पलीकडचा लिंबूवाला दखनीत ‘दस’ म्हणून मोकळा होतो. तिघांचा भाव एकच, दहा. तुझ्या आजोबांना या तिन्ही भाषा येत असत. मला आकडे तेवढे येतात, आणि व्यवहाराला तेवढे पुरतात.

घासाघीस कधी करायची हे मला निवृत्तीनंतर, रोज जाऊ लागल्यावर कळले. ही बाई पहाटे बाजार समितीतल्या लिलावात किंवा अडत्याकडून माल उचलते आणि रिक्षाचे भाडे स्वतः भरते. कांदा-बटाटा उरला तर उद्या विकता येतो, मेथी-चुका-शेपू मात्र त्याच दिवशी गेले नाहीत तर जनावरांपुढे टाकावे लागतात. म्हणून सकाळी जुडीला दहा सांगणारी बाई सायंकाळी न मागता दोन जुड्या पंधराला देते. सकाळी भवानीच्या वेळी तिच्याशी पाच रुपयांवरून वाद घालण्यात अर्थ नसतो, कारण तो भाव तिने ठरवलेला नसतो. फळांच्या गाडीवर मात्र मी अजूनही भाव पाडून मागतो. तिथे वरची चार डाळिंबे दाणेदार आणि खालची चार डागी, असा प्रकार मी एकदा घरी आणून पाहिला आहे. तेव्हा आईने जे ऐकवले ते तुला माहीत आहेच.

एक गोष्ट तुला सांगितलेली नाही. दिवाळीच्या आधी एका कोथिंबीरवाल्या आजींशी मी भर रस्त्यात वाद घातला. शंभराची नोट दिली होती आणि परत आलेल्या पैशांत वीस रुपये कमी होते, असे माझे म्हणणे. चार माणसे जमली. त्या काही बोलल्या नाहीत. पदराच्या गाठीतून वीस रुपये काढून त्यांनी माझ्या हातावर ठेवले. घरी आल्यावर सदरा काढताना वरच्या खिशात चार घड्या झालेली विसाची नोट निघाली. दुसऱ्या दिवशी गेलो तर त्यांची जागा रिकामी होती, तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी त्या दिसल्या, तेव्हा पैसे परत केले आणि चूक कबूल केली. त्या एवढेच म्हणाल्या, “मोजून घ्या म्हटलं होतं की मी, मालक.” तेव्हापासून मी त्यांच्यापुढे उभे राहून पैसे मोजतो, आणि मोजायला वेळ लागतो. अडीच तासांतली पाच मिनिटे तिथे धर.

याच आजींच्या टोपलीला पैसे भरायच्या कोडाचा पुठ्ठा अडकवलेला आहे. तू मागे म्हणालीस की आता सगळे मोबाईलवरून पैसे घेतात, सुट्ट्यांचे ओझे कशाला. पण तो कोड त्यांच्या नातवाच्या खात्याचा आहे. पैसे आले की नाही हे सांगणारा डबा त्यांच्याकडे नाही, आणि दिवसभराची रक्कम रात्री हातात किती पडेल ते नातवाच्या मनावर. म्हणून मी सुटे पैसे बाळगतो. गोळ्यांच्या दुकानात हवा तेवढा मोबाईल वापरतो.

आता दुसरे कारण, ज्यामुळे मागचा पंधरवडा वेळ अधिकच गेला. आपल्या अपार्टमेंटच्या दारापुढे तीन हातगाड्या लागतात. त्या हटवाव्यात असा अर्ज महापालिकेला द्यायचा ठरला आणि सहीसाठी कागद माझ्याकडे आला. मी सही केली नाही. तक्रार खोटी होती असे नाही. कोपऱ्यावरची केळ्यांची गाडी वळणावर येते, रिक्षा अडते, आणि मागच्या उन्हाळ्यात एका आजारी शेजाऱ्याला न्यायला आलेली रुग्णवाहिका तिथे खोळंबलेली मी पाहिली आहे. शिवाय कांदे-लसणाच्या टेम्पोवरचा ध्वनिमुद्रित भोंगा दुपारी दोन वाजता ऐकला की माझाही रक्तदाब वाढतो. पण सरसकट तिन्ही गाड्या हटवा, हे मला पटेना.

म्हणून 2014 चा पथविक्रेता कायदा वाचून काढला. त्यात असे आहे की शहरातील विक्रेत्यांचे सर्वेक्षण होऊन त्यांना प्रमाणपत्रे मिळेपर्यंत कोणालाही उठवता येत नाही. आणि नंतरही उठवायचे किंवा दुसरीकडे न्यायचे तर 30 दिवसांची नोटीस द्यावी लागते. जागा ठरवण्यासाठी जी समिती असते तिच्यात किमान 40 टक्के सदस्य विक्रेत्यांमधून निवडलेले असतात आणि त्यांच्यापैकी एक तृतीयांश महिला असाव्या लागतात. जप्त केलेला नाशवंत माल, मागणी केली की, त्याच दिवशी परत द्यावा लागतो. हे शेवटचे कलम वाचताना मला त्या मेथीच्या जुड्या आठवल्या. ज्याने ते लिहिले त्याने कधीतरी स्वतः भाजी आणली असावी.

सभेत मी हे सगळे सांगितले आणि केळ्यांची गाडी वळणापासून वीस पावले पुढे, बंद दुकानाच्या भिंतीला लावावी, एवढेच सुचवले. दोघांनी नाके मुरडली. ‘तुम्हाला वेळ आहे म्हणून तुम्ही कायदे वाचता’ असेही एक जण म्हणाला, आणि ते खरेच आहे. गाडीवाल्याशी बोलायचे काम अर्थात माझ्याच गळ्यात पडले. नवी जागा त्याला पसंत नव्हती, कारण वळणावर दोन रस्त्यांचे गिऱ्हाईक मिळते. तीन दिवस रोज उभ्याने बोलणी झाली, दर वेळी अर्धा डझन केळी घ्यावी लागली, आणि आता तो दुपारी बारापर्यंत भिंतीला असतो, नंतर पुन्हा वळणावर येतो. यावर अजून बोलायचे आहे.

तेव्हा आईला सांगितले आहे की अकरापर्यंत काळजी करू नये. उन्हाळ्यात इथे पारा चाळिशीच्या वर गेला की मी दहाच्या आत परत येईन, हे मात्र तुला कबूल करतो.

संक्रांतीला सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेसाठी येणार असशील तर आधी कळव. हरभऱ्याचे डहाळे आणि हुरडा मंडईबाहेर आला आहे. शेंगाचटणी उखळात कुटून विकणाऱ्या मावशींना तुझ्या मुलासाठी तिखट कमी घालायला सांगितले होते. त्यांनी साफ नकार दिला. तेव्हा येताना त्याच्यासाठी तूप आण.

तुझे,
बाबा