जहाजाच्या नाळेची जागा तुझ्यासाठी ठेवलीय

शहापूर, बेळगाव
20 जुलै

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

पावसाला खळ नाही. शाळा बुडाली तशी धाकट्यानं भुणभुण लावली, "बाबा, माइनक्राफ्टमध्ये चाच्यांचं जहाज बांधूया की." ठोकळे रचून हवं ते बांधायचा तो व्हिडिओ गेम. बसलो बांधायला, आणि आता त्याच्यापेक्षा मीच त्यात जास्त गुंतलोय.

पहिलं झालं ते जहाज नव्हतंच, पेटी होती. तिथला एक ठोकळा म्हणजे एक मीटर. 40 लांब, 9 रुंद, सगळीकडे काटकोन. पोराला चाललं, मला चालेना. तेव्हा तू आठवलास. दिवाळीच्या किल्ल्याला आम्ही सगळे विटा रचत बसायचो आणि तू एकटा दगडांवर लाल चिखलात बुडवलेलं गोणपाट सोडायचास. डोंगराला उतार कसा आपसूक यायचा! तेच डोक्यात धरलं. आधी कणा घातला, दर 4 ठोकळ्यांवर फासळ्या उभ्या केल्या. मग पायऱ्यांचे ठोकळे उलटे लावले, मध्ये अर्धे स्लॅब बसवले आणि वर जाताना एकेक रांग बाहेर काढली. लांब जाऊन वळून बघितलं, तर पोट गोल झालेलं! त्या रात्री मला झोप आली नाही.

पाण्यातच बांधल्यामुळे आत समुद्र भरलेला. बादलीनं उपसावं तर शेजारचं पाणी पुन्हा आत. शेवटी वरून वाळू टाकत गेलो. तिथली वाळू थेट तळाला जाऊन बसते. काठोकाठ भरली, मग फावड्यानं सगळी उकरून काढली. खालचा तळ कोरडा ठाक. पोरगं त्या रिकाम्या पोटात या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसतं पळत सुटलं.

पण एक घात झाला. खलाशांना चूल हवी म्हणून मी खालच्या खोलीत लाव्हा ओतला. लाव्हाजवळ लाकूड पेट घेतं, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. आग वर चढली आणि दोन्ही डोलकाठ्यांची शिडं गेली. चार संध्याकाळी मेंढ्या कातरून जमवलेली लोकर होती रे ती. पोरगं रडलं, मलाही भरून आलं. आता तिथं कॅम्पफायर ठेवलाय, त्याची आग पसरत नाही. शिडं नव्यानं चढवली.

निशाणावरून घरात वाद झाला. त्याला कवटी पाहिजे. त्यासाठी खेळातल्या नेदर नावाच्या पाताळात जाऊन विदर स्केलेटन नावाच्या काळ्या सांगाड्याची कवटी आणावी लागते, आणि ती सरासरी 40 मारले तर एक पडते. मी त्याला सांगितलं, इंग्रज आपल्या कान्होजी आंग्र्यांनाही चाचेच म्हणायचे, पण 1729 साली सरखेल गेले तोवर त्यांना समुद्रावर नमवणं काही जमलं नाही. बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "मग पुढं कवटी, मागं भगवा." लाल आणि पिवळा रंग मिसळून केलेल्या नारिंगी लोकरीच्या 6 ठोकळ्यांत भगवा झाला. कवटीची वाट बघतोय.

राहिलीय ती नाळ, जहाजाचं पुढचं टोक. तीनदा बांधली, तीनदा पाडली. बाक येतो, पण पाणी कापत निघाल्यागत ती दिसत नाही. ते तुझ्या हाताचं काम आहे, लेका. पुण्यात कितीही काम असू दे, रविवारी रात्री नऊला ये. मी सर्व्हर चालू ठेवतो. नाळेच्या जागी तुझ्यासाठी डार्क ओकच्या फळ्यांनी भरलेल्या दोन पेट्या ठेवल्यात. धाकट्याला सांगून ठेवलंय, त्यांना हात लावायचा नाही.

वहिनींना नमस्कार सांग.

तुझाच,
किल्ल्याच्या विटा रचणारा