क्रीडामंत्र्यांना खुलं पत्र : विभागीय कबड्डी एकदा तरी घाटाखाली आणा

मा. क्रीडामंत्री, महाराष्ट्र राज्य,

साहेब, नमस्कार. मी मंडणगड तालुक्यातला, एका हायस्कूलमध्ये पीटीचा सर आहे, म्हणजे पीटी घेतो, इतिहासाचे दोन वर्ग घेतो आणि शिष्यवृत्तीचे फॉर्म, सहल, निवडणुकीची ड्युटी हे पण माझ्याच गळ्यात. कबड्डी मात्र हौसेची. 17 वर्षांखालच्या मुलींची टीम बरीच वर्षं मीच घेऊन फिरतोय आणि त्या फिरण्याबद्दलच लिहितोय.

जरा नकाशा काढा. मंडणगड रत्नागिरी जिल्ह्याच्या अगदी वरच्या टोकाला. जिल्ह्याची स्पर्धा रत्नागिरीला लागली की दीडशे किलोमीटरच्या वर प्रवास. ती जिंकली की विभागीय, आणि तिथे आमचा विभाग कोल्हापूर, म्हणजे कोल्हापूर, सांगली, सातारा, रत्नागिरी, सिंधुदुर्ग. महसूलला आम्ही कोकण विभागात, दहावीला कोकण बोर्डात, आणि कबड्डीला घाटावर! हे कुणी ठरवलं माहीत नाही, आता त्यावर भांडत पण नाही. पण कोल्हापूर आम्हाला अडीचशे किलोमीटरच्या आसपास पडतं आणि मधे सह्याद्री आहे, तो काय हलणार नाही.

एका वर्षीचं सांगतो. आमच्या पोरी जिल्ह्यात पहिल्या आल्या, गावात गुलाल वगैरे सगळं झालं. मग विभागीयचं पत्र आलं व्हॉट्सअॅपवर, रात्री नऊनंतर, परवा सकाळी आठला रिपोर्टिंग. बारा पोरी, त्यातल्या तिघींच्या घरी फोनच लागत नाही, सकाळी बाईक काढून वाड्यावाड्यांवर जाऊन आईबापाला सांगितलं, सह्या घेतल्या, एकीचा बाप म्हणाला भातकापणी आहे सर, दोन माणसं कमी पडतायत, मग त्याची समजूत काढली. दुपारची गाडी पकडून चिपळूण, तिथून दुसरी गाडी, कुंभार्ली घाटात चार जणी ओकल्या (पिशव्या मी नेहमीच नेतो, अनुभव आहे). रात्री साडेअकराला पोचलो, एका शाळेच्या हॉलमध्ये सतरंज्या, बारा मुलींना एक बाथरूम, त्याची कडी तुटलेली, म्हणून आमच्या मॅडम दारात उभ्या.

सकाळी मॅच. पंधरा-पंधरा मिनिटांचे दोन हाफ, मधे पाच मिनिटं विश्रांती, आणि नॉकआऊट, म्हणजे एक हरलं की घरी. आमची मेन रेडर मातीत अनवाणी खेळणारी, मॅटवर पहिल्यांदा उतरली, आणलेले बूट चुलत बहिणीचे, अर्ध्या नंबरने मोठे. पहिल्या दोन रेडमध्ये दोनदा पाय सरकला. चार पॉइंटनी हरलो. एसटीत बसल्यावर ती एवढंच म्हणाली, "सर, आता घरी जायला पण तेवढाच वेळ लागणार काय?"

खर्चाचं म्हणाल तर मार्च 2023 पासून महिलांना एसटीत अर्धं तिकीट झालं, त्याबद्दल खरंच आभार. पण मुलींचा फुकट पास चालतो घर ते शाळा एवढाच, स्पर्धेला नाही. मुलांची टीम असेल तर महिलांचं ते अर्धं तिकीट पण नाही. मग वर्गणी. आमच्या गावातला किराणावाला आता मला बघितलं की आधीच विचारतो, काय सर, पोरी जिंकल्या वाटतं.

अजून एक, जे बाहेरच्या माणसाला माहीत नसतं. महापालिका असलेल्या शहराची टीम विभागीयला वेगळी उतरते. म्हणजे कोल्हापूर शहराची एक, जिल्ह्याची एक, सांगलीचं पण तसंच. आणि आमच्या नऊ तालुक्यांच्या अख्ख्या जिल्ह्याची एकच. शहराला जागा जास्त, ग्राउंड पण त्यांचं, रात्री झोप पण घरच्या गादीवर. यातून जे राज्याला जातात त्यांनाच पुढे सरकारी नोकरीतल्या खेळाडूंच्या 5 टक्के आरक्षणाचा रस्ता दिसतो. हरल्याचं दुःख नाही साहेब, हरतो आम्ही, चिकार वेळा हरलोय. पण रात्रभर न झोपता हरलो की कळतच नाही आपण खेळात हरलो की एसटीत.

यावर उत्तर ठरलेलं असतं, छोट्या गावात सुविधा नाहीत, मॅट नाही. अहो मॅट म्हणजे फरशीसारखे तुकडे असतात, टेम्पोत भरले की झालं. मॅट घाट उतरू शकते, पण दरवेळी पोरींनीच घाट चढायचा! पंच म्हणाल तर कोकणात एका हाकेला दहा पंच येतील. आणि चिपळूण तालुक्यात डेरवणसारख्या गावात दरवर्षी यूथ गेम्स होतात, राज्यभरातून मुलं येतात, राहतात, खेळतात, तेव्हा गाव लहान आहे अशी कुणाची तक्रार ऐकली नाही.

आणि पब्लिक? शहरात विभागीयला मी बघितलंय, स्टँडमध्ये दोन कोच, तीन पालक आणि एक झोपलेला वॉचमन. तेच आमच्याकडे साधी तालुक्याची फायनल असली तरी बाजारातली निम्मी दुकानं अर्ध्या शटरवर, म्हाताऱ्या बायका पोत्यावर बसून पॉइंट मोजतात, आणि वडापाववाल्याची बटाट्याची पाटी अकरालाच रिकामी. तीन दिवसांची विभागीय म्हणजे अशा गावाच्या लॉज-खानावळीला दिवाळीच.

मंडणगडलाच द्या असं म्हणत नाही, मग पार सांगली जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाची, जतची पोरं मला शिव्या घालतील आणि बरोबरच घालतील. पण मधे पाटण आहे, मलकापूर आहे, चिपळूण आहे, कणकवली आहे. आळीपाळीने फिरवा. कधीतरी एखादी स्पर्धा मिळते, नाही असं नाही, पण ती कुणाच्या तरी मर्जीने, नियमाने नाही. तालुका क्रीडा संकुलाची मर्यादा 1 कोटीवरून 5 कोटी केलीत, चांगलं केलंत, मग त्या संकुलात खेळवा पण काहीतरी, नाहीतर तिथे लग्नं आणि सभाच होणार. आणि जागा-तारीख निदान पंधरा दिवस आधी कळवा, याला तर एक रुपया लागत नाही.

यंदाची 17 वर्षांखालच्या मुलींची विभागीय घाटाखाली लावून बघा. घाटावरच्या टीमना शाळेत ठेवू, गावातल्या बायका भाकरी करतील, बाथरूमच्या कड्या मी स्वतः तपासीन. आणि गोळ्या-पिशव्या पण आणून ठेवतो, कुंभार्ली उतरताना पण लागतोच.

आपला,
मंडणगडचा एक पीटी सर