जुन्या चेनसॉने फळ्या चिरण्याआधी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

जुन्या, मोठ्या चेनसॉंना भंगारात काढण्याची घाई अनेकांना असते. उलट काही हौशी मंडळी ‘जुन्यात टॉर्क (फिरवण्याचा जोर) असतो’ एवढे ऐकून फळ्या चिरायला मिळेल तो नग उचलतात आणि पहिल्याच रुंद ओंडक्यात त्याचा पिस्टन धरतो, म्हणजे सिलिंडरमध्ये जाम होतो. चांगले यंत्र असे वाया जाताना पाहून फार वाईट वाटते. थोडी माहिती असती तर ते टळले असते, म्हणून हे पत्र.

ओंडक्याचे तुकडे करताना यंत्र अर्धा मिनिट जोर लावते आणि दम खाते. फळी चिरताना मात्र पूर्ण थ्रॉटलवर सलग दहा-दहा मिनिटे काम असते. शिवाय साखळी तंतूंच्या टोकांवर चालते आणि तीन-चार फुटांची पट्टी (जिच्याभोवती साखळी फिरते ती) लाकडात पूर्ण गाडलेली असते. इथे मोठ्या सिलिंडरचा उपयोग होतो. 1959 मधला स्टिल काँट्रा आणि त्याच घराण्यातला 070 हे 106 सीसीचे, 090 हा 137 सीसीचा, तर मॅक्युलक 125 हा 123 सीसीचा. ही यंत्रे कमी फेऱ्यांवर जोर धरतात. भार वाढला तरी फेरे एकदम कोसळत नाहीत.

पण टॉर्क म्हणजे वेग नव्हे. कमी फेऱ्यांच्या इंजिनाला लहान स्प्रॉकेट (साखळी फिरवणारे दातेरी चाक) लावले तर साखळी रेंगाळते आणि भुशातच अडकते. .404 पिचची (कड्यांच्या अंतराचे इंचातले माप) साखळी आणि 8 दात्यांचे स्प्रॉकेट घेतले, तर इंजिनाच्या एका फेऱ्यात साखळी सुमारे 164 मिमी सरकते. म्हणजे मिनिटाला 6,500 फेऱ्यांवर वेग सेकंदाला जवळजवळ 18 मीटर होतो. 7 दात्यांवर हाच वेग 16 मीटरच्या आत राहतो.

आता पिस्टन का धरतो ते पाहू. दोष बहुतेक वेळा क्रँकशाफ्टच्या दोन्ही बाजूंच्या रबरी सीलमध्ये असतो. पन्नास वर्षांत ती कडक होतात, तिथून हवा आत ओढली जाते आणि मिश्रणात पेट्रोल कमी पडते. दोन मिनिटांच्या चाचणीत हे कळत नाही, सलग चिरकामात मात्र पिस्टनवर उभे ओरखडे येतात. खरेदीआधी सायलेन्सर काढून एक्झॉस्टच्या तोंडातून पिस्टन पाहावा. यंत्र मंद चालू ठेवून डावी-उजवीकडे कलते करावे. फेरे आपोआप वाढले-घटले तर हवा गळत असण्याचा संशय धरावा. खरी परीक्षा दाबाची. कार्बोरेटर आणि एक्झॉस्टची तोंडे बंद करून अर्धा बार दाब द्यावा आणि मग तेवढाच निर्वात करावा. दोन्ही करणे गरजेचे आहे, कारण दाबाखाली सीलची ओठी घट्ट बसते आणि निर्वातात गळते. सील, पेट्रोलची नळी आणि कार्बोरेटरचे डायफ्रॅम चाचणीत तरले तरी नवेच घालावेत. इथेनॉल मिसळलेले पेट्रोल जुन्या रबराला सोसत नाही.

गव्हर्नर (फेरे मर्यादेत ठेवणारी झडप) असलेल्या कार्बोरेटरमध्ये आणखी एक फसवणूक होते. भार नसताना, वरच्या फेऱ्यांवर इंजिन फडफडते तेव्हा ‘मिश्रण भरपूर आहे’ असे वाटते. प्रत्यक्षात गव्हर्नरच तिथे जादा पेट्रोल सोडत असतो. म्हणून वरच्या फेऱ्यांचे पेट्रोल ठरवणारा स्क्रू कानावर भरवसा ठेवून बसवू नये. थोडा जास्त उघडा ठेवून लाकडात चालवावे आणि प्लग काढून पाहावा. पांढरट प्लग म्हणजे पेट्रोल कमी; तो दिसला की लगेच थांबावे. तेलाचे प्रमाण जुन्या पुस्तिकांत 1:25 असते. आजचे चांगले टू-स्ट्रोक तेल असेल तर चिरकामासाठी 1:32 ते 1:40 पुरते. पॉइंट (ठिणगीसाठी उघडझाप करणारे संपर्क) असलेल्या इंजिनात त्यांची फट 0.35 ते 0.40 मिमी ठेवावी. यंत्र पंधरा मिनिटांनी बंद पडून थंड झाल्यावरच सुरू होत असेल, तर आधी ठिणगीच्या यंत्रणेतला कंडेन्सर बदलून पाहावा.

साखळीकडे तर सर्वात जास्त दुर्लक्ष होते. आडव्या कापासाठी दात्याचा वरचा कोन 30 अंश असतो, चिरण्यासाठी तो 10 अंशांवर आणावा. .404 साठी 5.5 मिमीची गोल कानस लागते. दात्यापुढचा खोलीचा खुंट धारेपेक्षा 0.65 ते 0.75 मिमी खाली असावा. अधिक उतरवला तर दाता मोठा घास घेतो, फळीवर लाटा उमटतात आणि क्लच घसरतो. दोन्ही बाजूंचे दाते लांबीला सारखे नसतील तर काप एका अंगाला ओढत जातो. भुसा रवाळ पडत असेल तर धार ठीक आहे. तो पिठासारखा झाला की जोर लावू नका, कानस घ्या. ओंडक्याची साल काढलीच पाहिजे, कारण तिच्यातली वाळू एका फळीत धार बोथट करते. रुंद पट्टीच्या टोकाशी वेगळी तेलाची धार सोडावी. यंत्रातला पंप तिथवर तेल पोहोचवत नाही.

पहिल्या कापासाठी ओंडक्यावर शिडीसारखी सरळ चौकट स्क्रूने बसवतात. स्क्रूची टोके कापाच्या वर किमान एक सेंटिमीटर राहावीत. ओंडका थोडा उतरता ठेवला तर यंत्राचे वजन आपणहून पुढे सरकते आणि हात दुखत नाहीत. मागे दर दोन फुटांवर पाचरा घालाव्यात, नाहीतर फळी पट्टीवर बसते. मिलच्या (पट्टीला बसवून फळीची जाडी सारखी ठेवणाऱ्या जोडणीच्या) चौकटीची पकड पट्टीच्या टोकावरच्या चाकाच्या मागे असावी. ते चाक दाबले गेले तर साखळी जाम होते.

प्रत्येक कापात 9 ते 10 मिमी लाकडाचा भुसा होतो. 25 मिमीच्या फळ्या काढताना सुमारे 28 टक्के लाकूड वाया जाते, 50 मिमीच्या फळ्यांत 17 टक्के. पातळ फळ्यांसाठी पट्टा-करवत चांगली. टोके त्याच दिवशी मेणाने किंवा रंगाने बंद करावीत.

सुरक्षिततेबाबत मात्र तडजोड नको. जुन्या अनेक यंत्रांत चेन ब्रेक नाही, कंपनशोषक रबर नाही. मिलची चौकट टोक झाकते म्हणून उसळी (टोक अडकून यंत्र अंगावर उडणे) कमी होते, पण चौकटीबाहेर हे यंत्र नवशिक्याच्या हाती देऊ नये. कानांना संरक्षण, भुशासाठी मास्क आणि दर कापानंतर हातांना विश्रांती लागतेच. बोटे पांढरी पडू लागली तर त्या दिवशी काम बंद करावे.

काप संपला की इंजिन लगेच बंद करू नये. मिनिटभर मंद चालवावे म्हणजे पंख्याची हवा सिलिंडर थंड करते. तापलेली साखळी सैल वाटते म्हणून ताणली असेल, तर थांबल्याबरोबर ताण सोडावा. थंड होताना ती आकसते आणि पट्टीबरोबर क्रँकशाफ्टलाही ओढते.

आपले,
चेनसॉ दुरुस्ती व चिरकाम करणारे वाचक