आई, मेलेल्या माणसाचा सीटी स्कॅन कशाला?

आई, बाबा, नमस्कार.

परवा फोनवर आई तू विचारलंस ना, मेलेल्या माणसाचा सीटी स्कॅन कशाला करायचा म्हणून, तेव्हा शिफ्टला निघाले होते, नीट सांगता आलं नाही, म्हणून आता बसून लिहितेय.

आमच्याकडे बॉडी सीलबंद बॅगेत येते आणि स्कॅन त्या बॅगेसकटच होतो, चेनसुद्धा उघडायची नाही, कारण कपड्यांवरचं किंवा हातांवरचं काही सांडलं तर पुरावा गेला. जिवंत पेशंटला श्वास रोखा, हलू नका असं सांगावं लागतं, इथे ते नाही, रेडिएशनचीही काळजी नाही, त्यामुळे डोक्यापासून पायापर्यंत एकदम बारीक स्लाइस, म्हणजे शरीराच्या पातळ पातळ आडव्या थरांची चित्रं घेता येतात. गोळीचे कण पांढरेशुभ्र चमकतात. गोळी कवटीत जिथून शिरते तिथलं भोक हाडाच्या आतल्या बाजूला रुंद असतं आणि जिथून निघते तिथलं बाहेरच्या बाजूला, म्हणजे कुठून कुठे गेली ते हाडच सांगतं.

पण असा स्कॅन वाचायला डोळा नव्याने तयार करावा लागतो हां. रक्त फिरायचं थांबलं की जड पेशी खाली बसतात, पातळ भाग वर राहतो आणि मोठ्या रक्तवाहिनीत अगदी आडवी सरळ रेघ दिसते, मला आधी तो आजारच वाटला होता. फुफ्फुसाचा खालचा भाग पांढुरका दिसतो तोही बऱ्याचदा न्यूमोनिया नसतो, रक्त खाली उतरलेलं असतं. कुजताना गॅस होतो तो तर कुठेही सापडतो.

बाबा, मग चिरफाड बंदच का, तर नाही. साध्या सीटीत हृदयाच्या नसेतली गुठळी सहसा दिसत नाही, त्यासाठी रक्तवाहिन्या स्कॅनमध्ये उठून दिसाव्यात म्हणून पंपाने डाय सोडून अँजिओ करतात, आणि विषासाठी रक्त-लघवीचे नमुने लागतातच. स्वित्झर्लंडमध्ये बर्नला डिर्नहोफर आणि थाली या न्यायवैद्यक डॉक्टरांच्या टीमने २००० च्या सुमारास मृतदेहांचं हे स्कॅनिंग पद्धतशीर सुरू केलं, व्हर्टॉप्सी, म्हणजे व्हर्च्युअल ऑटॉप्सी, म्हणतात त्याला, दिल्लीच्या एम्समध्येही २०२१ पासून होतंय. माझं ठाम मत आहे की पोस्टमॉर्टेमच्या आधी स्कॅन हवाच, निदान सुरी कुठे लावायची ते तरी कळतं.

मागच्या आठवड्यात जिन्यावरून पडलेले एक आजोबा आले होते. घरच्यांच्या धर्मात चिरफाड चालत नाही, सगळे नुसते हात जोडत होते. स्कॅनमध्ये मान मोडलेली आणि मेंदूभोवती रक्त स्पष्ट दिसलं, डॉक्टरांनी बाहेरून तपासलं, पोलिसांचा रिपोर्ट त्याच्याशी जुळला आणि तेवढ्यावर सही झाली. संध्याकाळी बॉडी ताब्यात देताना त्यांच्या मुलाने मला एवढंच विचारलं, टाके नाहीत ना कुठे? एकही नाही म्हटलं, तर तिथेच भिंतीला टेकून खाली बसला तो.

रविवारी सुट्टी आहे, सकाळीच फोन करते.

तुमची लेक