पवनचक्क्या आणि जाणारी लाइट

संपादक महोदय,

भूम-वाशीच्या माळावर पवनचक्क्या वाढल्या, तशी पारावरची तक्रारही वाढली : ‘या पात्यांमुळंच लाइट जाती.’ वीज उपकेंद्रात यंत्रचालक होतो म्हणून सांगतो, गावातली लाइट बहुतेक वेळा जळालेल्या डीपीमुळे (रोहित्रामुळे) जाते. पवनचक्क्यांचा खरा प्रश्न वेगळाच आहे.

ग्रीडची, म्हणजे सगळी वीजकेंद्रं जोडणाऱ्या तारांच्या जाळ्याची, वारंवारता (विजेचा प्रवाह सेकंदाला किती आवर्तनं घेतो ती संख्या) ५० हर्ट्झच्या आसपास टिकवावी लागते; वीज कमी पडली की ती घसरते. परळीच्या औष्णिक केंद्रातलं जड चक्र मिनिटाला ३००० फेरे घेतं. दुसरीकडे एखादा वीजनिर्मिती संच बंद पडला, तर त्या फिरत्या वजनातच पहिला धक्का जिरतो. आधुनिक पवनचक्की इलेक्ट्रॉनिक यंत्रणेतून जोडलेली असते, तिच्याकडून हा आधार आपोआप मिळत नाही. त्यात वारा जोरात पावसाळ्यात, म्हणजे नेमके शेतीपंप थंड असताना! वारा पडला की कोयनेचं जलविद्युत केंद्र चटकन भर घालतं, पण त्याच्या पाण्यालाही कृष्णा पाणीतंटा लवादाची वर्षाला ६७.५ टीएमसीची (अब्ज घनफुटांची) मर्यादा आहे. वाऱ्याचा अंदाज चुकल्यास पवनचक्कीच्या कंपनीला दंडासारखा आकार भरावा लागतो. त्या पैशानं पडलेला वारा काही परत येत नाही.

पवनचक्क्या नकोत असं मी म्हणत नाही (जमिनीच्या मोबदल्याचं दुखणं निराळं). पण नव्या प्रकल्पाला परवानगी देताना सोबत बॅटरी साठवणूक सक्तीची करावी.

– एक निवृत्त यंत्रचालक, भूम, जि. धाराशिव